देहविक्रयाला परवाना मिळाला, तर त्या बाईच्या पदरात काय पडेल?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही नागपुरातच समाजकार्याचे शिक्षण घेत आहात, तुमचे बालपण इतवारीत गेले, आणि गंगा-जमुना या देहविक्रयाच्या वस्तीवर लघुप्रबंध लिहिताना तुमच्या कानांवर दोन टोकांची मते येत आहेत. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात की ती वस्ती कायमची उठवावी. वर्गातले मित्र म्हणतात की सरकारने परवाने द्यावेत आणि दरमहा वैद्यकीय तपासणी सक्तीची करावी, म्हणजे शोषण थांबेल आणि रोगराईही. देहविक्रय कायदेशीर झाला तर या स्त्रियांचे खरोखर भले होईल का, आणि तोपर्यंत आजच्या कायद्यात त्यांच्या हाती काय आहे, असे तुम्ही विचारले आहे.

मी बावीस वर्षे नागपुरात फौजदारी वकिली करते. माझ्या कामाचा मोठा भाग अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ याखालील प्रकरणांचा आहे. पोलीस ठाण्यापासून वस्तीपर्यंत सगळे त्याला 'पिटा' म्हणतात. या प्रकरणांत मी स्त्रियांच्या बाजूने उभी राहते, त्यामुळे माझे मत तटस्थ नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक आहे, की हा व्यवसाय आज बेकायदेशीर आहे. ते जसेच्या तसे खरे नाही. अठरा वर्षांवरील स्त्रीने स्वतःच्या मर्जीने पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे हा भारतीय कायद्यात गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये सुधारगृहात ठेवलेल्या तीन तरुणींची सुटका करताना हेच स्पष्ट शब्दांत नोंदवले. गुन्हे आहेत ते त्या कृतीच्या सभोवतालचे. कुंटणखाना चालवणे किंवा त्यासाठी जागा देणे हा कलम ३ खाली गुन्हा आहे, दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणे हा कलम ४ खाली, आणि एखाद्या स्त्रीला या व्यवसायात आणणे हा कलम ५ खाली. शाळा, वसतिगृह, रुग्णालय किंवा प्रार्थनास्थळापासून २०० मीटरच्या आत हा व्यवसाय करणे कलम ७ मध्ये येते, तर गिऱ्हाइकाला बोलावणे कलम ८ मध्ये. या कलम ८ मध्ये खिडकीत किंवा सज्जात बसण्याचा उल्लेख शब्दशः आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे व्यवसायाला मनाई नाही, पण बसायला जागा नाही, बोलवायला तोंड नाही, आणि कमावलेल्या पैशांत घर चालवले तर घरातलेच आरोपी होतात.

याचा परिणाम कसा होतो ते एका प्रकरणावरून सांगते. ओळख पटेल असे सर्व तपशील मी वगळले आहेत. दोन स्त्रिया, दोघीही चाळिशीच्या, एकाच खोलीचे भाडे निम्मे-निम्मे भरत होत्या. त्यांचा मालक नव्हता, घरवाली म्हणजे कुंटणखाना चालवणारी बाई नव्हती, दलालही नव्हता. त्यांनी आपसांत एक नियम ठरवला होता: एकीकडे गिऱ्हाईक असताना दुसरीने दाराबाहेर बसायचे, आणि आतून ठरलेली हाक आली की दार वाजवायचे. आधीच्या वर्षी दोघींपैकी एकीचा गळा आवळून एका माणसाने पैसे हिसकावले होते, त्यावरचा हा त्यांनी शोधलेला उपाय होता. छाप्यानंतर या दोघींवर कुंटणखाना चालवल्याचा आरोप आला, कारण कायद्याच्या व्याख्येनुसार दोन किंवा अधिक स्त्रियांच्या परस्पर फायद्यासाठी वापरलेली जागाही कुंटणखानाच ठरते. एकटी राहिली असती तर गुन्हा झाला नसता; मरण आले असते तर आले असते. मी त्यांचे काम दोन वर्षे चालवले. दोघी सुटल्या, परंतु सुटल्यावर त्यांनी खोल्या वेगळ्या केल्या आणि बाहेर बसणारे कोणी उरले नाही. कायदेशीर मान्यतेविषयी कोणी बोलू लागले की मला त्या दाराबाहेरच्या पायरीची आठवण होते.

कलम ४ तसेच आहे. मुलगा अठरा वर्षांचा होतो, आयटीआयला जातो आणि आईच्या पैशावर जेवतो, तर शब्दशः पाहता तो दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र असतो. त्याशिवाय जो तिच्यासोबत राहतो तो तिच्या कमाईवरच जगतो असे कायदा गृहीत धरतो, आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकतो. हे कलम दलालांसाठी आहे, हे मान्य. मात्र माझ्या अनुभवात सराईत दलाल क्वचित सापडतो. सापडतात ती घरची माणसे, कारण ती घरीच असतात.

आता मे २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाविषयी, कारण तुमच्या मित्रांनी त्याचाच आधार घेतलेला दिसतो. बुद्धदेव कर्मास्कर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात १९ मे २०२२ रोजी न्यायालयाने सांगितले की संविधानाच्या अनुच्छेद २१ मधला सन्मानाने जगण्याचा हक्क या स्त्रियांना आणि त्यांच्या मुलांनाही आहे. 'व्यवसाय कायदेशीर झाला' असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला, पण आदेश तसा नाही. न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या दहा शिफारशींपैकी ज्यांवर केंद्र सरकारचा आक्षेप नव्हता, त्या सहा शिफारशी राज्यांना बंधनकारक करण्यात आल्या. लैंगिक अत्याचाराची तक्रार करणाऱ्या स्त्रीला इतर पीडितांप्रमाणेच वैद्यकीय साहाय्य मिळावे, पोलिसांनी सभ्यतेने वागावे, छाप्याच्या बातम्यांत ओळख उघड होऊ नये, निरोध जवळ असणे हा पुरावा मानू नये, असे त्यांत आहे. छाप्यात सज्ञान स्त्रीला अटक करू नये ही शिफारस मात्र आक्षेप असलेल्या चारांत होती. लघुप्रबंधात हा फरक काटेकोर लिहा, नाहीतर परीक्षकांच्या आधी वस्तीतल्या बायकाच तुम्हाला सांगतील की तसे काही झालेले नाही.

यापुढे तुमचा मुख्य प्रश्न. 'कायदेशीर करणे' या एका शब्दाखाली जगात अगदी वेगवेगळ्या गोष्टी केल्या गेल्या आहेत आणि त्यांचे परिणामही वेगवेगळे झाले आहेत. मी स्वतःसाठी एकच कसोटी ठेवली आहे: कायदा बदलल्यानंतर रात्री अकरा वाजता एखाद्या माणसाने मारहाण केली, पैसे बुडवले किंवा निरोध काढून टाकला, तर ती बाई कोणाकडे जाऊ शकते, आणि जाताना तिला कशाची भीती वाटते?

या कसोटीवर न्यूझीलंडचा २००३ चा कायदा मला सर्वांत बरा उतरलेला दिसतो. तिथल्या संसदेत तो ६० विरुद्ध ५९ अशा एका मताने मंजूर झाला. त्याने व्यवसायाभोवतीचे गुन्हे काढून टाकले आणि चारपर्यंत स्त्रियांनी मालकाविना एकत्र काम करायला परवाना लागणार नाही असे ठरवले. माझ्या त्या दोन अशिलांना नेमके एवढेच हवे होते. पैसे घेतले किंवा करार झाला तरीही ऐनवेळी नाही म्हणण्याचा हक्क त्या कायद्यात लिहिलेला आहे. २००८ मध्ये तिथल्या सरकारी आढावा समितीने अहवाल दिला, तेव्हा पाहणीतल्या साठ टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी कायद्यानंतर गिऱ्हाइकाला नकार देणे सोपे झाल्याचे सांगितले होते, आणि या व्यवसायातील स्त्रियांची संख्या वाढल्याचे आढळले नव्हते. २०१४ मध्ये तर मालकाकडून झालेल्या लैंगिक छळाबद्दल एका स्त्रीला न्यायाधिकरणाने २५ हजार डॉलरची भरपाई मिळवून दिली. अर्थात तिथेही तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी स्त्रियांना हा व्यवसाय करता येत नाही, त्यामुळे त्या तक्रार करायला घाबरतात. कायद्याने ज्यांना बाहेर ठेवले त्यांची अवस्था जुनीच राहिली.

जर्मनीने २००२ मध्ये वेगळा मार्ग घेतला. करार वैध ठरले, विम्याची आणि नोकरीची दारे उघडली. पण पाच वर्षांनी सरकारने आढावा घेतला तेव्हा नोकरीचा करार असलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक टक्का निघाले. कुंटणखान्यांचे मालक मात्र उजळ माथ्याने उद्योजक झाले. मग २०१७ पासून प्रत्येक स्त्रीला नोंदणी आणि आरोग्य समुपदेशन सक्तीचे करण्यात आले. २०१९ च्या अखेरीस नोंद झालेल्यांची संख्या साधारण ४० हजार होती, तर तिथल्या एकूण संख्येचे प्रचलित अंदाज लाखांत आहेत. नोंदवहीबाहेर राहिलेल्या त्या मोठ्या संख्येसाठी कायदेशीर मान्यता आल्यानंतरही बेकायदेशीरपणा शिल्लकच राहिला.

नोंदवहीपासून ही माणसे का पळतात हे मला जर्मनीच्या आकड्यांनी शिकवले नाही. काही वर्षांपूर्वी एका अशील बाईला मी उत्साहाने परवान्याच्या कल्पनेविषयी सांगत होते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "वकीलबाई, लायसन भेटलं त ते ठेवू कोठी? पोरीच्या सासरचे आले त दाखवू का त्याहिले?" मला उत्तर सुचले नाही. या व्यवसायातल्या पुष्कळ स्त्रियांसाठी तो आयुष्याचा एक तुकडा असतो. तो संपवून त्या गावी परत जातात, मुलांची लग्ने करतात, भाजीचे दुकान लावतात. वहीत चढलेले नाव व्यवसाय सोडल्यावरही पुसले जात नाही. त्यामुळे परवाना घ्यायला पुढे येईल ती जिला लपवण्यासारखे काही उरले नाही अशी घरवाली, आणि परवाना नसलेली बाई तिच्या आणखी मुठीत जाईल. "माझ्याकडे कागद आहे, तुझ्याकडे काय आहे?" हे वाक्य मला आताच ऐकू येते.

कागद कोणाच्या हातात जातो, याचे जवळचे उदाहरण बांगलादेशात आहे. नारायणगंजच्या टानबाजार वस्तीतून १९९९ मध्ये स्त्रियांना हुसकावून लावल्यानंतर तिथल्या उच्च न्यायालयाने २००० मध्ये ती कारवाई बेकायदेशीर ठरवली. सज्ञान स्त्रीने आपण स्वेच्छेने हे काम करतो असे प्रतिज्ञापत्र करण्याची पद्धत तिथे आहे. खोटे वय घालून तेच प्रतिज्ञापत्र अल्पवयीन मुलींच्या नावे करून घेतले जाते. जे पत्र मुलीचे रक्षण करायला हवे ते घरवालीचे रक्षण करते. आपल्याकडे 'उचल' म्हणजे आगाऊ रक्कम देऊन आणलेली मुलगी पहिली काही वर्षे कर्ज फेडण्यातच घालवते; तिच्याकडून अशा कोणत्याही कागदावर अंगठा घेणे ही पाच मिनिटांची गोष्ट आहे.

सक्तीच्या तपासणीविषयी माझे मत अधिक ठाम आहे, कारण तो प्रयोग या देशात होऊन गेला आहे. इंग्रज सरकारने आधी १८६४ च्या कायद्याने छावण्यांत आणि मग १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने शहरांत या स्त्रियांची नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली होती. उद्देश सैनिकांचे आरोग्य हा होता, आणि सैनिकांची तपासणी मात्र तशी होत नव्हती. स्त्रिया नोंदणी चुकवून शहर सोडून जात. १८८८ मध्ये तो कायदा रद्द करावा लागला. आज एचआयव्हीचा संसर्ग खाली आणण्यात ज्या कार्यक्रमांना यश आले, ते वस्तीतल्याच स्त्रियांनी घरोघर जाऊन, नाव न विचारता, विश्वासावर चालवलेले आहेत. कोलकात्याच्या सोनागाछी वस्तीत ते काम १९९२ पासून चालले आहे, आणि आपल्या सांगलीत संग्राम आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद या संस्थांनी ते उभे केले. तपासणीचा निकाल पोलिसाच्या किंवा परवाना अधिकाऱ्याच्या टेबलावर जाणार असे कळले की बाई दवाखान्यात येणे बंद करते. तपासणी गिऱ्हाइकाची का नको, असे तुम्ही मित्रांना विचारून पाहा.

स्वीडनने १९९९ पासून खरेदीदाराला गुन्हेगार ठरवले आणि विकणाऱ्या स्त्रीला मोकळे ठेवले. फ्रान्सने २०१६ मध्ये तेच केले. लाज खरेदीदाराच्या माथी जावी, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण अडचण व्यवहारात येते. गिऱ्हाईक घाबरलेले असले की ते घाईत असते आणि आडबाजूची जागा मागते, आणि माणूस कसा आहे हे पारखायला बाईला जी चार मिनिटे मिळत असतात तीही जातात.

वस्ती उठवावी असे म्हणणाऱ्या तुमच्या घरच्यांचा राग मी समजू शकते. त्या गल्ल्यांजवळून मुलींना शाळेत पाठवणाऱ्या आयाही माझ्या ओळखीच्या आहेत. पण ऑगस्ट २०२१ मध्ये गंगा-जमुना कठडे लावून बंद करण्यात आली, तेव्हा त्यानंतरच्या महिन्यांत माझ्याकडे आलेल्या स्त्रियांनी व्यवसाय सोडलेला नव्हता. त्या फोनवर, लॉजवर, अनोळखी माणसाच्या गाडीत तोच व्यवसाय करत होत्या. वस्तीत शेजारीण होती, किराणावाला उधार देत होता, आरोग्य कार्यकर्तीला दार ठाऊक होते. बाहेर यातले काही नव्हते. कोरोनाच्या काळात राज्य सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० साठी दरमहा ५ हजार रुपयांची मदत जाहीर केली होती, आणि मुले शाळेत जात असतील तर आणखी अडीच हजार. ती मदत पोहोचवायला निदान पत्ता होता. विखुरलेल्या बाईपर्यंत ना मदत पोहोचते, ना कायदा.

हे सगळे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ते मी लपवणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांत स्वतःचा हिशेब स्वतः ठेवणारी बाई आहे, आणि सोळाव्या वर्षी विकली गेलेली व आता तिशीत 'स्वेच्छेने' राहिलेली बाईही आहे. दोघींना एकच शब्द लावताना मला अवघडते. एकीने मला सांगितले होते, "हे सारं बंदच व्हाले पाह्यजे, पण मले आधी राहाले जागा द्या." तिचे म्हणणे मला कोणत्याही अहवालाइतके वजनदार वाटते. शिवाय १५० देशांच्या तुलनेवरचा २०१३ चा एक बहुचर्चित अभ्यास असे दाखवतो की जिथे व्यवसायाला कायदेशीर मान्यता आहे तिथे मानवी तस्करीने आणलेल्यांचा ओघ जास्त नोंदला जातो. श्रीमंत देश आणि गरीब शेजारी यांच्यातला तो ओघ आपल्याला लागू पडेल की नाही यावर वाद होऊ शकतो. पण तो प्रश्न झटकून टाकता येणार नाही.

म्हणून मला हवा असलेला बदल परवान्याचा नाही. कलम ८ आणि कलम ७ मधून त्या स्त्रीला वगळावे. कुंटणखान्याच्या व्याख्येतून मालकाविना एकत्र राहणाऱ्या स्त्रिया काढाव्यात. कलम ४ मध्ये जबरदस्ती किंवा फसवणूक सिद्ध करण्याची अट घालावी, म्हणजे आई आणि मुलगा त्यातून सुटतील. तस्करी, उचलीची बांधिलकी आणि अल्पवयीन मुली यांविषयीची कलमे मात्र आहेत त्याहून कठोरपणे वापरावीत, आणि त्या तपासात वस्तीतल्या स्त्रियांची साक्ष मिळवावी. नवी मुलगी कुठून आली हे पोलिसांच्या आधी त्यांना कळते, आणि स्वतः आरोपी होण्याची भीती नसेल तर त्या सांगतात. मी हे दोनदा घडताना पाहिले आहे. दोन्ही वेळा मुलगी परत घरी गेली.

तोपर्यंत आजच्या कायद्यात काय आहे, या तुमच्या दुसऱ्या भागाचे उत्तर थोडक्यात देते, कारण ते तुम्हाला वस्तीत बसून सांगता येईल. कलम १५ खालील झडतीच्या वेळी दोन महिला पोलीस सोबत असाव्या लागतात, आणि पंचांपैकी किमान एक स्त्री असावी लागते. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. कलम १७ खाली चौकशीसाठी ठेवायचे झाले तर तो ताबा तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. मात्र त्यानंतर दंडाधिकारी एक ते तीन वर्षांसाठी संरक्षणगृहात पाठवू शकतात, म्हणून त्या तीन आठवड्यांतच वकील उभा राहणे महत्त्वाचे असते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिची कमाई कितीही असो, मोफत वकील मिळतो; त्यासाठी सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात साधा अर्ज पुरतो. पहिल्या दिवशी न्यायालयात उभे केल्यावर त्या बाईने एवढेच सांगायचे: मी सज्ञान आहे, माझी मुले घरी आहेत, मला सरकारी खर्चाने वकील हवा. मुलाखतींना जाल तेव्हा ही तीन वाक्ये एका चिठ्ठीवर लिहून न्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून पाठ करून घ्या.